अडेअर गाव ऑडिओ टूर ऐकत पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडच्या लिमरिक परगण्यातले अडेअर हे गाव लहान आहे, पण आठशे वर्षांचा इतिहास तिथे दहा-बारा मिनिटांच्या चालीत सामावला आहे. डब्लिन, कॉर्क, लिमरिकला नोकरी-शिक्षणासाठी राहणारी मराठी माणसे आई-बाबांना घेऊन तिथे जातात, तेव्हा सोबत गाइड नसतो. फोनवरची ऑडिओ टूर असते. त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात परत सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्वतःची स्वतः ऐकायची ऑडिओ टूर म्हणजे नेमके काय?

गावातली आठ-दहा ठिकाणे ठरवून प्रत्येकाची दोन ते पाच मिनिटांची माहिती आधीच रेकॉर्ड केलेली असते. तुम्ही त्या जागी पोचलात, की ती ऐकायची. टूर दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात नकाशावरच्या आकड्यावर बोट ठेवून तुम्ही स्वतः आवाज सुरू करता. दुसऱ्या प्रकारात फोनचे जीपीएस तुमची जागा ओळखते आणि ठिकाणाभोवती आखलेल्या अदृश्य वर्तुळात पाऊल पडले की आवाज आपोआप सुरू होतो. अडेअरसारख्या गावात आम्हाला पहिला प्रकार बरा वाटतो, कारण ठिकाणे एकमेकांना खेटून आहेत आणि वर्तुळे एकमेकांत शिरतात (प्रश्न ६). तुमच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही सोयी असतील, तर आपोआप सुरू होणे बंद करून हाताने चालवा.

२. अडेअर कुठे आहे आणि तिथे कसे पोचायचे?

लिमरिक शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे १६ किलोमीटरवर, मेग नदीच्या काठी. गावाचे आयरिश नाव ‘आथ दारा’, म्हणजे ओक वृक्षांजवळचा उतार; नदी पायी ओलांडता येते त्या जागेला आपण उतार म्हणतो, तोच अर्थ. शॅनन विमानतळ साधारण ४० किलोमीटरवर आहे आणि डब्लिन २०० किलोमीटरहून थोडे अधिक.

गाडी नसेल तर लिमरिकच्या कोल्बर्ट स्थानकावरून ट्रॅली किंवा किलार्नीकडे जाणारी बस घ्या. ती अडेअरच्या मुख्य रस्त्यावर थांबते आणि वाहतूक सुरळीत असेल तर अर्ध्या तासाच्या आत पोचवते. डब्लिनहून लिमरिकपर्यंत ह्यूस्टन स्थानकावरून रेल्वे आहे. बऱ्याच गाड्यांना लिमरिक जंक्शनला बदली करावी लागते. परतीच्या बसची वेळ टूर सुरू करण्याआधीच बघून ठेवा. संध्याकाळी बस कमी असतात आणि रविवारचे वेळापत्रक वेगळे असते. गाडीने येणाऱ्यांसाठी मुख्य रस्त्यावरच्या हेरिटेज सेंटरच्या मागे वाहनतळ आहे.

३. किती वेळ लागतो? चालणे किती?

ऐकायचा मजकूर बहुतेक वेळा ४५ मिनिटे ते एक तासाचा असतो. जाऊन-येऊन चालणे अडीच-तीन किलोमीटर. तरी हातात दोन ते अडीच तास ठेवा, कारण ऐकून झाल्यावर पाहायला वेळ लागतो आणि खरी गंमत तिथेच आहे. चालता चालता ऐकणे ही सगळ्यात मोठी चूक. आवाज ज्या खिडकीबद्दल बोलत असतो ती मागे पडलेली असते आणि घरी आल्यावर काहीच आठवत नाही. थांबा, ऐका, आवाज बंद करा, दोन मिनिटे नुसते बघा, मग पुढे निघा. हा एक नियम पाळला, तरी टूरचे पैसे वसूल होतात.

४. कुठून सुरुवात करावी आणि कोणत्या क्रमाने जावे?

हेरिटेज सेंटरपासून. तिथे गावाच्या इतिहासाचे छोटे प्रदर्शन आहे, स्वच्छतागृह आहे, आणि किल्ला पाहायचा असेल तर त्याची चौकशीही तिथेच करायची असते (प्रश्न १०). तिथून हा क्रम सोयीचा पडतो:

पहिल्यांदा शेजारचे ट्रिनिटेरियन मठाचे चर्च आणि त्याच्या मागचा दगडी पारवेखाना. मग जवळची बाग आणि गावातल्या बायका पूर्वी जिथे कपडे धूत ती धुण्याची जागा. तिथून मुख्य रस्त्याने गवताने शाकारलेल्या घरांसमोरून पुढे. शेवटी लिमरिकच्या दिशेने ऑगस्टिनियन मठ आणि मेगवरचा जुना पूल. पुलावरून नदीकाठचा डेझमंड किल्ला दिसतो.

काही टूर उलट दिशेने, पुलापासून सुरू होतात. त्याने बिघडत नाही. फक्त मध्येच दिशा बदलू नका. ‘आता डावीकडे बघा’ अशा सूचना ठरलेल्या दिशेने चालणाऱ्यासाठी लिहिलेल्या असतात, आणि उलटे चाललात तर प्रत्येक डावे उजवे होते.

५. निघण्यापूर्वी फोनची तयारी काय करायची?

आदल्या रात्री घरी किंवा हॉटेलच्या वायफायवर हे करा:

टूर पूर्ण डाउनलोड करा, नकाशासकट. आकार काही दहा एमबीपासून दोनशे एमबीपर्यंत असू शकतो. डाउनलोड झाली असे दिसले तरी विश्वास ठेवू नका. फोन विमान मोडवर टाका आणि पहिले व शेवटचे ठिकाण वाजवून बघा. बऱ्याच जणांचे इथेच अडते: अ‍ॅप उतरवलेले असते, टूर उतरवलेली नसते.

आपोआप सुरू होणारी टूर असेल तर त्या अ‍ॅपला लोकेशनची परवानगी द्या आणि त्या अ‍ॅपपुरता बॅटरी सेव्हर बंद करा. अँड्रॉइडवर बॅटरी सेव्हर चालू असला की पडदा बंद झाल्यावर अ‍ॅप झोपी जाते आणि पुढचे ठिकाण कधी गेले ते कळतही नाही.

बॅटरी शंभर टक्के ठेवा आणि छोटी पॉवर बँक बरोबर घ्या. जीपीएस, ब्लूटूथ, कॅमेरा आणि उजळ पडदा एकत्र चालले की जुना फोन दोन तासांत मान टाकतो. थंडीत बॅटरी आणखी लवकर उतरते. हिवाळ्यात फोन आतल्या खिशात ठेवा.

६. आवाज चुकीच्या जागी सुरू होतो, किंवा सुरूच होत नाही. काय करावे?

मोकळ्या आकाशाखाली फोनचे जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असते. जाड दगडी भिंतीशेजारी, दाट झाडांखाली किंवा चर्चच्या आत ते वीस-तीस मीटरने सरकते. अडेअरमध्ये ट्रिनिटेरियन चर्च, पारवेखाना आणि हेरिटेज सेंटर एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की एवढा सरकाव चुकीचे ठिकाण सुरू व्हायला पुरेसा आहे.

आधी मोकळ्या जागी येऊन मिनिटभर स्थिर उभे राहा. निळा ठिपका तरीही भटकत असेल तर विमान मोड चालू करून बंद करा. एवढ्यानेही जमले नाही तर यादीतून ठिकाण हाताने निवडा आणि वाद घालू नका. विमान मोडवर जीपीएस चालत नाही हा समज चुकीचा आहे. उपग्रहाचा संदेश घ्यायला मोबाइल नेटवर्क लागत नाही. फक्त नेटवर्कशिवाय पहिल्यांदा जागा सापडायला एक-दोन मिनिटे जास्त लागतात.

७. कोणते इअरफोन घ्यावेत? रस्त्यावर धोका आहे का?

आहे, आणि तो हलक्यात घेऊ नका. अडेअरचा मुख्य रस्ता म्हणजेच लिमरिकहून ट्रॅलीकडे जाणारा एन २१ हा राष्ट्रीय रस्ता. ट्रक, बस, पर्यटकांच्या गाड्या दिवसभर गावाच्या मधून जातात. बाहेरचा आवाज तोडणारे इअरफोन इथे वापरू नका. वापरलेच तर ती सोय बंद ठेवा. एकाच कानात इअरफोन घाला, रस्त्याकडचा कान मोकळा ठेवा. कानाबाहेर बसणारे, हाडातून आवाज पोचवणारे इअरफोन सुरक्षित असतात, पण ट्रक शेजारून जाताना त्यांत काही ऐकू येत नाही. अशा वेळी थांबवा आणि दहा सेकंद मागे जा.

आयर्लंडमध्ये वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना बघायची सवय बदलावी लागत नाही. युरोपातल्या इतर देशांतून फिरून आलेल्यांनी मात्र ही गोष्ट मुद्दाम आठवावी. पुलावर फोटो काढताना मागे मागे सरकू नका. आणीबाणीत ११२ किंवा ९९९ फिरवा.

८. एवढ्याशा गावात तीन मठ! कोणता कोणता, हे कसे लक्षात ठेवायचे?

बहुतेक जण इथेच गोंधळतात, कारण ऑडिओत कधी संप्रदायाचे नाव येते, कधी रंगाचे. म्हणून हे आधी वाचून जा.

ट्रिनिटेरियन मठ म्हणजे ‘पांढरा’ मठ. स्थापना साधारण १२३० सालची. गावाच्या मध्यभागी, मुख्य रस्त्यावर, चौकोनी बुटका मनोरा असलेला. हा संप्रदाय ११९८ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाला आणि त्याचे काम होते धर्मयुद्धांत पकडल्या गेलेल्या कैद्यांना खंडणी भरून सोडवणे. मिळकतीचा एक तृतीयांश भाग त्यासाठी बाजूला काढायचा, असा त्यांचा नियमच होता. आयर्लंडमध्ये या संप्रदायाचा हा एकच मठ ओळखला जातो, आणि आज तो गावाचे कॅथलिक चर्च आहे.

ऑगस्टिनियन मठ म्हणजे ‘काळा’ मठ. १३१६ च्या सुमारास किल्डेअरच्या पहिल्या अर्लने (अर्ल ही सरदारकीची पदवी), जॉन फिट्झथॉमसने, स्थापन केलेला. पुलाजवळ आहे. आज ते चर्च ऑफ आयर्लंडचे, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचे, सेंट निकोलस चर्च. इथली चौकाभोवतीची ओवरी चुकवू नका: आपल्या देवळांना चौफेर ओवऱ्या असतात तशीच रचना, फक्त इथे भिक्षू त्यातून जपत-वाचत फिरत. कमानींवर किल्डेअरच्या अर्लांच्या, म्हणजे फिट्झजेराल्ड घराण्याच्या, ढाली कोरलेल्या आहेत. ओवरीच्या एका बाजूला गावाचे जमीनदार असलेल्या डनरेव्हन घराण्याचे समाधिघर आहे.

फ्रान्सिस्कन मठ म्हणजे ‘गरीब’ मठ. १४६४ चा, किल्डेअरचा सातवा अर्ल थॉमस आणि त्याची बायको जोन यांनी बांधवलेला. तिघांत हाच एक छप्पर नसलेला भग्नावशेष आहे. उंच सडपातळ मनोरा आणि ओवरीच्या चौकात वाढलेला जुना यू वृक्ष, या त्याच्या खुणा. तिथे जाण्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

लक्षात ठेवायची सोपी खूण: गावात पांढरा, पुलापाशी काळा, गोल्फच्या मैदानात गरीब. सोळाव्या शतकात इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केले तेव्हा तिन्हींवर संक्रांत आली. दोन मठ एकोणिसाव्या शतकात डनरेव्हन अर्लांनी दुरुस्त करून दोन वेगवेगळ्या पंथांना दिले. ज्या देशात या दोन पंथांतले वैर शतकानुशतके धुमसत राहिले, तिथे एकाच जमीनदाराने दोघांनाही जुने मठ दुरुस्त करून द्यावेत, ही गोष्ट आम्हाला अडेअरमधल्या कुठल्याही सुबक घरापेक्षा महत्त्वाची वाटते. बहुतेक टूर त्यावरून एका वाक्यात पुढे जातात.

९. चर्चच्या आत ऑडिओ ऐकत फिरता येते का?

दोन्ही चर्च चालू आहेत, संग्रहालये नाहीत. दार उघडे असेल तर शांतपणे आत जाता येते, प्रवेशशुल्क नाही. प्रार्थना, लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तर आत जाऊ नका. बाहेर थांबा किंवा पुढचे ठिकाण आधी करून परत या. रविवारी सकाळी दोन्ही ठिकाणी प्रार्थना असते, म्हणून रविवारची टूर दुपारनंतर ठेवणे उत्तम.

आत फोनचा स्पीकर अजिबात नको. इअरफोनमधून झिरपणारा आवाजही दगडी भिंतींत घुमतो. बरे म्हणजे आतला मजकूर बाहेर अंगणात ऐकून घ्या आणि मग फोन खिशात टाकून आत जा. कुणी गुडघे टेकून बसलेले असेल तर त्या बाजूला कॅमेरा नको. बूट काढावे लागत नाहीत; पुरुषांनी टोपी काढावी.

ट्रिनिटेरियन चर्चमध्ये जुने कोणते आणि नवे कोणते, हा प्रश्न अनेकांना पडतो. इमारतीचा गाभा आणि मनोरा मध्ययुगीन आहे, पण एकोणिसाव्या शतकात तिला बरीच जोड दिली गेली. बाहेरून भिंत नीट पाहा: जुन्या भागात दगड लहानमोठे आणि थर वाकडे, नव्या भागात दगड एकसारखे घडवलेले.

१०. डेझमंड किल्ल्यात जाता येते का? ऑडिओ तर ‘आत या’ म्हणते.

मनाला येईल तेव्हा आत जाता येत नाही. किल्ला उन्हाळी हंगामात, गाइडबरोबरच, गटाने दाखवला जातो आणि त्याची नोंदणी हेरिटेज सेंटरमध्ये होते. हंगामाच्या तारखा दरवर्षी बदलू शकतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. इतर महिन्यांत पुलावरून बघणे हाच पर्याय, आणि खरे सांगायचे तर नदीसकट पूर्ण किल्ला तिथूनच नीट दिसतो.

नावाबद्दलही विचारणा होते: किल्डेअरच्या फिट्झजेराल्डांचा किल्ला, मग नाव डेझमंड का? दोन्ही फिट्झजेराल्डच, पण शाखा वेगळ्या. किल्डेअर शाखेच्या ‘रेशमी थॉमस’ने १५३४ मध्ये इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड केले, ते मोडले आणि किल्ला त्या शाखेच्या हातून गेला. पुढे तो डेझमंडच्या अर्लांकडे आला आणि त्यांचे नाव चिकटले. १५७९ ते १५८३ च्या डेझमंड बंडात तेही संपले. १६५७ मध्ये, इंग्लंडमध्ये राजाला हटवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या पक्षाने किल्ला मुद्दाम निकामी केला, म्हणजे पुन्हा कुणी तिथून लढू नये म्हणून तटबंदी फोडली. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, त्यामागेही हाच हिशेब होता.

११. फ्रान्सिस्कन मठ नकाशावर दिसतो, पण वाट सापडत नाही.

तो गोल्फच्या मैदानात आहे आणि मैदान खासगी आहे. कुंपण ओलांडून किंवा हिरवळीवरून सरळ चालत जाऊ नका. आधी क्लबच्या कचेरीत विचारा. परवानगी मिळाली तर ते सांगतील त्याच वाटेने जा. गोल्फचा चेंडू डोक्याला लागून गंभीर इजा होऊ शकते, आणि कानात इअरफोन असेल तर खेळाडूची इशाऱ्याची हाक ऐकू येत नाही. म्हणून मैदानात असेपर्यंत ऑडिओ बंद ठेवा आणि मठापाशी पोचल्यावर ऐका. परवानगी नाही मिळाली तर ते ठिकाण गावातल्या बाकावर बसून ऐका.

१२. अडेअर मॅनर आतून बघता येते का?

पूर्वी डनरेव्हन घराण्याचा वाडा असलेले ते आज पंचतारांकित हॉटेल आहे. तिथे मुक्काम, जेवण किंवा चहाचे आरक्षण असेल तरच फाटकातून आत सोडतात. ‘सहज बघून येतो’ म्हणून चालत नाही, आणि फाटकावर वाद घालून काही मिळत नाही.

ऑडिओत मात्र त्याचा भाग नक्की ऐका. डनरेव्हनच्या दुसऱ्या अर्लने १८३२ मध्ये बांधकाम सुरू केले. ३६५ खिडक्या आणि ५२ धुराडी, म्हणजे वर्षाचे दिवस आणि आठवडे, असा हिशेब सांगितला जातो. तिसऱ्या अर्लला पुरातत्त्वाचा नाद होता. १८६८ मध्ये याच परगण्यातल्या आर्डा गावी बटाटे खणताना सापडलेल्या चांदीच्या प्रसिद्ध चषकावर पहिले अभ्यासपूर्ण टिपण त्याने लिहिले. तो आर्डा चषक आज डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, प्रवेश मोफत. अडेअरहून परत डब्लिनला जाणार असाल तर एक तास त्यासाठी काढा.

१३. ती गवताची घरे खरी जुनी आहेत, की पर्यटकांसाठी बांधलेली?

खरी आहेत. डनरेव्हन इस्टेटने गाव नव्याने आखले तेव्हाची. आज काहींत उपाहारगृहे आणि दुकाने आहेत, काहींत माणसे राहतात. खिडकीला नाक लावून आत डोकावू नका, फाटकाच्या आत पाय ठेवून फोटो काढू नका.

छप्पर मात्र निरखून पाहा. कोकणात पावसाआधी दरवर्षी शाकारणी करावी लागे, कारण तिथला पाऊस तसा आणि गवत पातळ. इथे गवत किंवा बोरू जाड थरांत, तीव्र उताराला घालतात आणि हेझेल झाडाच्या चिरलेल्या काड्या वाकवून, पिनांसारख्या ठोकून बसवतात. उतार पंचेचाळीस अंशांच्या आसपास किंवा त्याहून उभा असतो; पाणी आत मुरण्याआधी खाली ओघळावे म्हणून. चांगल्या बोरूचे छप्पर पंचवीस-तीस वर्षे टिकते, गव्हाच्या काडाचे त्याहून कमी. आढ्यावरची नक्षीदार पट्टी आधी झिजते आणि दहा-पंधरा वर्षांत बदलावी लागते, म्हणून खालचे छप्पर काळपट आणि वरची पट्टी पिवळी असे घर दिसले तर ते अपुरे काम नव्हे. छपरावर ताणलेली जाळी पक्ष्यांपासून राखण्यासाठी असते. या घरांच्या जवळ सिगारेट पेटवू नका.

१४. ऑडिओत एक साल, फलकावर दुसरे. कोणते खरे?

बऱ्याचदा दोन्ही. मठासाठी जमीन देण्याचे साल, बांधकामाचे साल आणि चर्चच्या पवित्रीकरणाचे साल वेगवेगळे असते, आणि प्रत्येक जण त्यातले एक निवडतो. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या तारखांत दोन-पाच वर्षांचा फरक दिसला तर गडबडू नका. शतक वेगळे असेल तर मात्र ऐकण्यात चूक झाली आहे: इंग्रजीत ‘चौदावे शतक’ म्हणजे १३०० ते १४०० मधला काळ, मराठीसारखाच, पण घाईत ऐकताना १४०० चे आकडे डोक्यात येतात.

१५. मराठीत ऑडिओ टूर नाही. आई-बाबांना आयरिश उच्चार कळत नाहीत. मग?

यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तुम्ही स्वतः रेकॉर्ड करून देणे. एका संध्याकाळचे काम आहे. इंग्रजी टूर आधी स्वतः ऐका आणि आठच ठिकाणे निवडा. प्रत्येकाला दोन मिनिटे पुरतात. सावकाश बोललेल्या मराठीत त्याचे साधारण २२० ते २४० शब्द होतात. आधी ‘आत्ता तुम्ही कुठे उभे आहात आणि कुठे बघायचे’ हे सांगा, मग गोष्ट, आणि शेवटी ‘आता कुठे जायचे’. सन कमी, माणसे जास्त. इंग्रजी वाक्ये शब्दशः उलथवू नका. आईला फोनवर सांगाल तसे सांगा.

फोनच्या रेकॉर्डरमध्ये खोलीची खिडकी बंद करून, तोंडापासून वीतभर अंतरावर फोन धरून बोला. फायलींना ०१, ०२ अशी नावे द्या. नुसते १, २ दिलेत तर काही फोन १ नंतर १० वाजवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर व्हॉइस मेसेज म्हणून नको, फाइल म्हणून पाठवा आणि त्यांच्या फोनवर उतरवून घ्या. दुसऱ्याच्या टूरचा मजकूर भाषांतर करून लोकांत वाटणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे. इतरांना द्यायची असेल तर संहिता स्वतः लिहा.

१६. गुडघे दुखतात, किंवा व्हीलचेअर / बाबागाडी आहे. जमेल का?

मुख्य रस्त्याची पायवाट सपाट आहे आणि ट्रिनिटेरियन चर्च, बाग, घरे एवढा भाग सहज होतो. ऑगस्टिनियन मठाच्या आवारात गवत आणि उंचसखल दगड आहेत. पावसानंतर घसरडे होते. फ्रान्सिस्कन मठ आणि किल्ला चाक असलेल्यांसाठी अवघड. ज्येष्ठांसाठी टूर दोन भागांत करा, मध्ये चहा. लहान मुलांना पूर्ण ऑडिओ ऐकवू नका. पारवेखाना, धुण्याची जागा आणि किल्ला एवढे पुष्कळ झाले.

१७. पाऊस आला तर? कोणता महिना चांगला?

पाऊस येईलच, फक्त तासाभरात थांबेलही. छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट बरे, कारण एका हातात फोन असतो. ओल्या पडद्यावर बोट चालत नाही. फोन पारदर्शक झिप पिशवीत ठेवा, बोट बाहेरूनही चालते. पाऊस जोरात आला तर ट्रिनिटेरियन चर्चच्या दारात थांबून पुढची दोन ठिकाणे ऐकून टाका.

मे ते सप्टेंबर उत्तम. जूनच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सहानंतर गर्दी ओसरल्यावर टूर सुरू केली तरी चालते. चर्च मात्र तोवर बंद झालेली असू शकतात. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. तेव्हा अकराला सुरुवात करा.

१८. दोघांनी एकच टूर एका फोनवर ऐकायची आहे.

तारेचे इअरफोन असतील तर दोन तोंडांचा छोटा जोड मिळतो, तो घ्या. ब्लूटूथवर काही फोन दोन जोड्यांना एकत्र आवाज देतात. घरीच तपासून पाहा. एक इअरफोन तू, एक मी, हा मार्गही चालतो आणि प्रश्न ७ मधल्या सुरक्षेच्या दृष्टीने चांगलाच आहे, पण दोघांना कायम खांद्याला खांदा लावून चालावे लागते. दोन फोनवर एकाच क्षणी ‘प्ले’ दाबायची युक्ती तिसऱ्या ठिकाणापर्यंत टिकत नाही.

१९. भारतातून थेट येणाऱ्यांनी आणखी काय लक्षात ठेवावे?

भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा व्हिसा लागतो. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसावर) आयर्लंडमध्ये येता येत नाही. युरोपची सहल आखताना ही चूक हमखास होते. ब्रिटनचा व्हिसाही सरसकट चालत नाही. तो ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेखाली दिलेला असेल तरच चालतो आणि त्यातही आधी ब्रिटनमध्ये प्रवेश केलेला असावा लागतो.

चार्जरचे आपले गोल पिनांचे प्लग इथे बसत नाहीत. ब्रिटनसारखे तीन चौकोनी पिनांचे सॉकेट आहेत; अडॅप्टर भारतातूनच आणा. वीजदाब २३० व्होल्ट, म्हणजे आपल्याइतकाच.

२०. २०२७ मध्ये जायचा विचार आहे. काही अडचण?

सप्टेंबर २०२७ मध्ये रायडर कप ही गोल्फ स्पर्धा अडेअर मॅनरच्या मैदानावर आहे. त्या आठवड्यात गावात शांतपणे टूर ऐकणे विसराच; राहायला जागाही मिळणार नाही. त्याआधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांतही रस्ते बंद असण्याची शक्यता धरा.

गावाबाहेरून बायपास बांधला जात आहे. तो सुरू झाल्यावर प्रश्न ७ मधली ट्रकची अडचण बरीच कमी होईल, पण जुन्या टूरमधल्या गाडी कुठे वळवायची, कुठे लावायची अशा सूचना चुकू शकतात. टूर केव्हा अद्ययावत केली ते अ‍ॅपमध्ये लिहिलेले असते. ती तारीख दोन वर्षांहून जुनी असेल तर रस्त्याच्या सूचना सोडून द्या आणि इतिहासाचा भाग तेवढा ऐका.